आईबापांना सांभाळलं की बाकी सगळं मान्य? थायलंडमधली नाती, म्हातारपण आणि स्वीकार

मुग्धा_रयोंग | १७ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. रयोंगला येऊन मला नऊ वर्षं झाली. नवरा वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, मी दुसऱ्या एका कारखान्यात हिशेब बघते. एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय. परवाच्या सोंगक्रानला, म्हणजे थाई नववर्षाच्या सणाला, ती पुन्हा वर आली, म्हणून हा धागा.

यंदा आई पहिल्यांदाच एप्रिलमध्ये इथे आली. साताऱ्याची, वय ७४, गुडघे दुखतात. सोंगक्रान म्हणजे शब्दाने आपली संक्रांतच, फक्त मेषेची. बाहेरच्यांना त्यातली पाण्याची धुळवड तेवढी माहीत असते. पण १३ एप्रिल हा इथे ज्येष्ठांचा दिवसही असतो. आमच्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांना ओळीने खुर्च्यांवर बसवतात आणि धाकटी माणसं गुडघ्यांवर येऊन त्यांच्या ओंजळीत मोगरा-झेंडूच्या पाकळ्या घातलेलं सुगंधी पाणी ओततात. आईलाही बसवलं. ती प्रत्येकाला मराठीतून "औक्षवंत व्हा" म्हणत होती आणि लोक मान खाली घालून ते घेत होते.

शेजारच्या पांचं (आईबापांपेक्षा वयाने मोठ्या बाईला इथे 'पा' म्हणतात) थोरलं अपत्य कथोय आहे, म्हणजे जन्माने मुलगा, आता बाई म्हणून राहते. गल्लीच्या तोंडाशी तिचं केस कापायचं दुकान आहे. तिने आधी स्वतःच्या आईचे पाय धुतले, मग माझ्या आईचे. पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यांतलं पाणीसुद्धा टिपलं. घरी आल्यावर आई म्हणाली, "किती मायेनं पुसले गं पाय तिनं." 'तिनं' म्हणाली. मी काहीच सांगितलं नव्हतं. आईला कळलं नव्हतं असंही नाही.

आता मुद्दा. एकदा मी पांना विचारलं होतं, सुरुवातीला जड गेलं का. त्या म्हणाल्या, "बाकीचे दोघे मुलगे बँकॉकला आहेत, फोनही करत नाहीत. ही कतन्यू आहे. अजून काय पाहिजे?" कतन्यू म्हणजे पालीतला कतञ्ञू, आपला कृतज्ञ. आईबापांचे उपकार जाणणारा, ते फेडणारा.

म्हणून विचारते, इथे राहणाऱ्यांना आणि राहून गेलेल्यांनाही. थायलंडमध्ये समलिंगी, तृतीयपंथी माणसांना जो मोकळेपणा दिसतो तो मनापासूनचा स्वीकार आहे, की 'आईबापांना सांभाळतोस ना, मग बाकीचं आम्ही विचारत नाही' असा व्यवहार आहे? आणि व्यवहार असेल तर त्यात वाईट काय?

---

भटक्या७१ | १७ एप्रिल

छान लिहिलंय. आम्ही २०१९ ला बँकॉक-पट्टाया केलं होतं. हॉटेलात, दुकानांत, विमानतळावरसुद्धा अशी माणसं कामावर बघून नवल वाटलं होतं. आम्हाला तरी वाटलं की तिथे कुणाला काही प्रश्नच नाही.

---

पोपटी_पान | १७ एप्रिल

वाचतेय. आईंना नमस्कार सांगा.

---

डोंगरवाट | १८ एप्रिल

भटक्या, प्रश्न आहेत. दुकानात दिसतात म्हणजे बँकेतही साहेबाच्या खुर्चीत दिसतात असं नाही. सौंदर्य, करमणूक, हॉटेल ही दारं उघडी आहेत, बाकीची किलकिली. तृतीयपंथी बाईच्या ओळखपत्रावर आजही 'नाय' म्हणजे 'श्री' असतं, कारण लिंगनोंद बदलायचा कायदा नाही. एकविसाव्या वर्षी सैन्यभरतीच्या चिठ्ठ्या असतात, एप्रिलमध्येच. लाल निघाली की सैन्यात, काळी निघाली की सुटका. तिथेही त्यांना जातीने हजर राहावं लागतं, दाखले घेऊन, शंभर मुलग्यांसमोर रांगेत. पूर्वी त्यांच्या कागदावर कायमचा मानसिक विकार असा शेरा मारत, मग त्याच कागदापायी नोकरी मिळत नसे. कोर्टात भांडून तो शेरा बदलून घ्यावा लागला.

आता मुग्धाताईंच्या प्रश्नाकडे. मी मूळ सांगलीचा. गेली सहा वर्षं चिआंग मायला माझ्या जोडीदाराबरोबर राहतो. तो थाई आहे आणि आम्ही दोघंही पुरुष आहोत. त्याच्या आईने मला पहिल्या भेटीत दोनच प्रश्न विचारले. जेवलास का? आणि तुझ्या आईला कोण बघतं?

दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

---

बाणेदार | १८ एप्रिल

मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. आपल्याकडेही म्हाताऱ्यांना मान आहे, आपल्याकडेही पाद्यपूजा आहे. थायलंडचं कौतुक जरा जास्तच होतंय. 'मिया नोई' म्हणजे धाकटी बायको हा प्रकार तिथे अजून ऐकू येतो. ज्या समाजात नवऱ्यांना इतकी मुभा, तिथली नाती आदर्श कशी?

---

मुग्धा_रयोंग | १८ एप्रिल

बाणेदार, राग कसला. आदर्श असं मी म्हटलेलंच नाही. बहुपत्नीत्व कायद्याने १९३५ मध्येच बंद झालं, पण मिया नोई आहेत, आणि माझ्या दोन थाई मैत्रिणींचे संसार त्यापायी मोडलेले मी पाहिलेत. तो दोष झाकायचा नाही. मी एकाच धाग्याचं टोक धरलंय: मूल वेगळं निघालं तर घर त्याचं काय करतं?

डोंगरवाट, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. सवड होईल तेव्हा अजून लिहा.

---

निरंजन_प | १८ एप्रिल

वयाचा भाग आकड्यांतून बघितला तर पांचं बोलणं नीट कळतं. सुमारे साडेसहा कोटींच्या देशात साठीपुढचे साधारण सव्वा कोटीच्या वर, म्हणजे पाचातला एक. २०२४ मध्ये वर्षभरात पाच लाखसुद्धा मुलं जन्मली नाहीत. जपान आधी श्रीमंत झाला आणि मग म्हातारा. थायलंड श्रीमंत व्हायच्या आधीच म्हातारा होतोय.

सरकारी वृद्धभत्ता साठीपासून महिना ६०० बाट, सत्तरीला ७००, ऐंशीला ८००, नव्वदीपुढे १०००. सहाशे बाट म्हणजे दीड हजार रुपये धरा, त्यात महिन्याचा तांदूळ आणि वीज जेमतेम. दवाखान्याची बाजू मात्र भक्कम आहे, २००२ पासून सगळ्या नागरिकांना आरोग्य योजना आहे, आणि गावोगाव स्वयंसेवक घरी येऊन रक्तदाब तपासतात. असे स्वयंसेवक देशभरात दहा लाखांवर आहेत. पण रात्री दोन वाजता म्हातारीला संडासाला धरून नेणारं माणूस योजना देत नाही. ते मूल देतं. म्हणून जे मूल घरी थांबतं त्याचं वजन मोठं, मग ते कुणीही असो.

---

सुलेखा_म | १९ एप्रिल

निरंजन, शेवटचं वाक्य पटलं, पण त्यातच मला दुखतंय. मी अकरा वर्षं उदोनला होते, इसानमध्ये, म्हणजे ईशान्य थायलंडमध्ये. तिथे रीतीने धाकटी मुलगी आईबापांजवळ राहते, जावई घरात येतो, घर तिला मिळतं. ऐकायला किती छान. पण प्रत्यक्षात गावात फक्त म्हाताऱ्या आणि नातवंडं. मधली पिढी रयोंग, चोनबुरी, बँकॉकच्या कारखान्यांत. पुरुषी राहणीच्या ज्या मुली बायकांवर प्रेम करतात, ज्यांना तिथे 'टॉम' म्हणतात, त्यांच्यावर पैसे पाठवायचा भार सगळ्यांत जास्त. "तुला नवरा नाही, मुलं नाहीत, तुला कशाला लागतात पैसे?" माझ्याकडे कामाला होती ती पगारातला निम्म्याहून जास्त भाग घरी धाडायची, भावाच्या मोटारसायकलचे हप्तेसुद्धा. एका महिन्यात नाही जमलं, तर आईने फोनवर ऐकवलं, "आधीच तू अशी, त्यात हे."

'आधीच तू अशी.' म्हणजे हिशेब मनात चालूच होता. मुग्धा, तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हे. व्यवहार आहे, आणि ज्याला हप्ता भरता येत नाही त्याला तो कळतो.

---

पोपटी_पान | १९ एप्रिल

बाप रे. हे वाचून गप्पच झाले.

---

विनायक_हुआहिन | १९ एप्रिल

सगळ्यांना नमस्कार. वय ६९. मूळ दादरचा, कापडउद्योगातल्या नोकरीच्या निमित्ताने ३१ वर्षांपूर्वी बँकॉकला आलो. म्हातारपणावर बोलणं चाललंय म्हणून लिहायचं धाडस करतो.

माझी पत्नी २०१६ मध्ये गेली. दोन्ही मुलगे परदेशी. २०१९ पासून मी हुआ हिनला एका थाई बाईंबरोबर राहतो. त्या ६१ वर्षांच्या, शाळेत शिक्षिका होत्या, त्याही एकट्या. लग्न केलेलं नाही. मुलांनी पहिलं वर्षभर फोन घेतला नाही. "लोक काय म्हणतील" हे ठाण्यातल्या नातेवाइकांनी, आणि "तुमचे पैसे बघून आली" हे थोरल्याने. इथे गोऱ्या म्हाताऱ्यांच्या आणि तरण्या मुलींच्या ज्या जोड्या दिसतात, त्यांच्याच मापाने आम्हालाही मोजलं.

इथे राहायचं तर निवृत्तांच्या व्हिसासाठी बँकेत आठ लाख बाट दाखवावे लागतात, दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, घर त्यांच्या नावावर आहे. मुलाला त्याचीच भीती. मला भीती दुसरीच होती. मी आजारी पडलो तर दवाखान्यात या बाई माझ्या कोण?

मागच्या पावसाळ्यात डेंगी झाला. सहा दिवस त्या खाटेशेजारी चटईवर झोपल्या. नर्सने नातं विचारलं तर म्हणाल्या, "फॅन." थाईत हा एकच शब्द प्रियकर, प्रेयसी, नवरा, बायको सगळ्यांना चालतो. बाई की पुरुष, लग्न झालंय की नाही, काही कळत नाही आणि कुणी पुढे विचारत नाही. मला त्या शब्दाचा फार आधार वाटला. मराठीत माझ्याकडे असा शब्द नाही. मुलाला मी आजही 'त्या बाई' म्हणूनच सांगतो.

---

मुग्धा_रयोंग | १९ एप्रिल

काका, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. 'फॅन'वरून आठवलं. आमच्या हिशेब खात्यातली एक पी (म्हणजे ताई) दोन वर्षं "माझ्या फॅनने हे केलं, ते आणलं" सांगायची. बोलण्यातल्या थाईत 'तो' आणि 'ती'ला एकच सर्वनाम चालतं, त्यामुळे मी आपली नवराच धरून चालले होते. एक दिवस फॅन डबा द्यायला आली, ५५ वर्षांची बाई, आखूड केस, हातात चिकट भाताची टोपली.

२३ वर्षं एकत्र आहेत दोघी. २३ जानेवारी २०२५ ला समान विवाहाचा कायदा लागू झाला, त्याच आठवड्यात त्यांनी अम्फोच्या कचेरीत, म्हणजे आपल्या तहसीलसारख्या, नोंदणी केली. मी बरोबर गेले होते. कारकुनाने चष्म्यावरून बघितलं, ओळखपत्रं घेतली, सह्या कुठे करायच्या ते बोटाने दाखवलं. वीस मिनिटं. बाहेर आल्यावर पी पायरीवर बसली आणि रडली. तिचं गर्भाशयाचं ऑपरेशन व्हायचं होतं. आधीच्या ऑपरेशनला संमतीची सही करायला खोन केनहून भाऊ येईपर्यंत दीड दिवस थांबावं लागलं होतं, आणि ही, तिची फॅन, दारात उभी. आता सही ही करणार.

---

निरंजन_प | १९ एप्रिल

तपशिलाची भर. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मार्च २०२४ मध्ये ४०० विरुद्ध १० मतांनी आणि सेनेटमध्ये जूनमध्ये १३० विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला. आग्नेय आशियात पहिला देश, आशियात तैवान आणि नेपाळनंतर. दत्तक, वारसा, वैद्यकीय संमती सगळं त्यात येतं.

---

शब्दवेडी | २० एप्रिल

अवांतर, पण राहवत नाही. थाई दिवाणी कायद्यात जुने शब्द होते 'सामी' आणि 'फरिया', म्हणजे आपले स्वामी आणि भार्या. ते काढून घातलेला शब्द 'खू-सोमरोत'. खू म्हणजे जोडी आणि सोमरोत म्हणजे समरस! त्यांच्या भाषेत लग्नालाच समरस म्हणतात. कायद्याने स्वामी-भार्या पुसून समरस जोडी लिहिली. शब्द आपले, घरात आणून बसवले त्यांनी.

आणि 'बुनखुन', उपकारांचं ऋण, हे पुण्य आणि गुण. सुलेखाताईंच्या गोष्टीतल्या मुलीवर जे ओझं आहे त्याचं हे नाव.

---

भटक्या७१ | २० एप्रिल

वा! यांच्या 'क्रेंगचाय'ला मराठीत काय म्हणाल मग? आमचा गाइड सारखा म्हणायचा.

---

शब्दवेडी | २० एप्रिल

भीड. अगदी तीच, समोरच्याला अवघडायला नको म्हणून स्वतः अवघडून घेणं.

---

सुलेखा_म | २० एप्रिल

आणि भीड भिकेची बहीण, हेही तिथे तंतोतंत लागू.

---

बाणेदार | २० एप्रिल

मी परत आलोय. विनायकराव, तुमचं वाचून मी माझ्या वडिलांचा विचार केला. आई गेल्यावर ते बारा वर्षं एकटे होते, आम्ही त्यांना कधी विचारलंसुद्धा नाही. असो.

पण एक शंका. कायदा झाला, लग्नं झाली, घरच्या रूढीचं काय? थायलंडमध्ये मुलीच्या आईबापांना पैसे देतात ना, सिनसोत? दोघी बाया असतील तर कोण कुणाला देणार?

---

मुग्धा_रयोंग | २० एप्रिल

चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर डोळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडच्या हुंड्याच्या उलट, इथे मुलाकडून मुलीच्या आईबापांना सिनसोत जातो, लग्नात सगळ्यांसमोर तबकात मांडतात. पुष्कळदा आईबाप नंतर परतही करतात. पीच्या घरच्या छोट्या समारंभात दोघींकडून सारखीच रक्कम दोन तबकांत मांडली होती, वर पाकळ्या आणि तीळ. पीची आई ८२ वर्षांची. तिने दोन्ही तबकं मोजली, खरंच नोटा मोजल्या, मग एकात ओतली आणि दोघींच्या मध्ये ठेवली. म्हणाली, "ऑपरेशनला लागतील."

---

डोंगरवाट | २१ एप्रिल

सुलेखाताई, तुमचं खरं आहे. माझ्या जोडीदारावरही ते ऋण आहे. त्याने विशीत तीन महिने भिक्खूची वस्त्रं घेतली, कारण मुलगा भिक्खू झाला की आई त्याच्या पिवळ्या वस्त्राचा काठ धरून स्वर्गात जाते असं मानतात. आईला सांगितलं ते त्यानंतर. "आधी तिचं पुण्य जमा करून दिलं, मग माझं दुःख सांगितलं," असं तो म्हणतो. व्यवहार म्हणा हवं तर.

पण मी दुसऱ्या टोकाला उभा राहून सांगतो. माझ्या घरी असा व्यवहारही मिळाला नाही. मी पैसे पाठवतो, ते परत येतात. वडिलांना २०२० मध्ये सांगितलं. तेव्हापासून आई चोरून फोन करते, वडील झोपल्यावर. त्यांना गेल्या वर्षी पक्षाघात झाला. मी येतो म्हणालो, तर निरोप आला, एकटा येणार असशील तर ये. मी एकटाच गेलो. आठ दिवस त्यांचं अंग पुसलं, दाढी केली. नवव्या दिवशी त्यांनी विचारलं, "तिकडं स्वयंपाक कोण करतं?" मी नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. राग होता की थकवा, मला कळलं नाही.

इथे लग्न करायचं तर आपल्या दूतावासाचा अविवाहित असल्याचा दाखला, त्याचं भाषांतर, शिक्के, असं सगळं लागतं. आणि केलं तरी भारतात त्या लग्नाला काही अर्थ नाही, ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते संसदेवर सोडलंय. आम्ही अजून ठरवलेलं नाही. त्याची आई मात्र दर महिन्याला विचारते.

मुग्धाताई, 'त्यात वाईट काय' असं तुम्ही विचारलंत. सेवा करून मान मिळत असेल तर मी आयुष्यभर सेवा करायला तयार आहे. फक्त ती करू द्यायला हवी.

---

पोपटी_पान | २१ एप्रिल

डोंगरवाट, तुम्हाला घट्ट मिठी.

---

विनायक_हुआहिन | २१ एप्रिल

बाळा, वडिलांनी विचारलं ना स्वयंपाक कोण करतं, ते साधं विचारणं नव्हे. आमच्या पिढीतल्या पुरुषाला याहून सरळ विचारता येत नाही. मी बाप आहे म्हणून सांगतो. पुन्हा जा.

---

सुलेखा_म | २२ एप्रिल

डोंगरवाट, मी माझं मत मागे घेत नाही, पण त्याला तुमच्या अनुभवाची जोड देते. ऋण फेडायला लावणारं घर आणि ऋणही नाकारणारं घर, यांत पहिल्या घराचं दार तरी उघडं असतं. माझ्याकडची ती मुलगी सोंगक्रानला दरवर्षी गावी जायचीच. शिव्या खायची, पण जेवायला ताट असायचं.

---

कावेरी_नाशिक | २८ एप्रिल

धागा आठवडाभर वाचत होते, आज लिहिते. मी थायलंडला कधी गेलेले नाही. माझी मुलगी ३४ वर्षांची आहे, पुण्यात असते, चार वर्षांपासून एका मुलीबरोबर. मला माहीत आहे. मुलीला माहीत आहे की मला माहीत आहे. आम्ही 'तुझी रूममेट' म्हणतो.

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोघी दोन आठवडे इथे होत्या. मुलगी कामाच्या फोनवर असायची तेव्हा रूममेट मला चालवायला न्यायची, व्हरांड्यातून तुळशीपर्यंत आणि परत. वीस फेऱ्या मोजायची, अठराला मी थांबले तर "काकू, दोनच" म्हणायची. मुग्धाच्या आईंचं 'तिनं' वाचलं आणि मला ते व्हरांड्यातलं आठवलं. मी तिला जाताना साधं तू पुन्हा ये असंही म्हटलं नव्हतं.

परवा अक्षय्य तृतीया आहे. काल मुलीला फोन केला, म्हटलं दोघी या. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग मी विचारलं, तिला आमरस आवडतो ना?

म्हणाली, "आवडतो, पण तूप जास्त लागतं तिला."